खंड्या: स्काउटच्या एका स्किनच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

आज नक्की केलं. काउंटर-स्ट्राइक २ या शूटिंग गेमसाठी पहिली पूर्ण स्किन, म्हणजे बंदुकीवरचं रंगकाम, करायची, आणि ती एसएसजी ०८ या दुर्बिणीच्या रायफलीवर. सगळे तिला स्काउट म्हणतात, मीही तेच लिहीन.

"एके किंवा एडब्ल्यूपी सोडून स्काउट का, ताई?" असं भावाने लगेच विचारलं. तो रोज खेळतो, मी आठवड्यातून एखाद्या वेळी. त्या दोन बंदुकांवर वर्कशॉपमध्ये, म्हणजे लोकांनी केलेल्या स्किन जमा होतात त्या ठिकाणी, आधीच खूप गर्दी आहे, हे एक कारण. पण मला स्काउटचा स्वभावच आवडतो. गेममध्ये ती १७०० डॉलरला मिळते, एडब्ल्यूपीला ४७५० मोजावे लागतात. स्काउट हातात असताना खेळाडूचा वेग २३० असतो, एडब्ल्यूपी घेतली की २००. डोक्याला लागली तर एका गोळीत काम होतं. दुसरीकडे कुठे लागली तर बहुतेक वेळा समोरचा वाचतो. हलकी, घाईची, नेमकेपणावर जगणारी बंदूक आहे ही. फांदीवर निश्चल बसायचं, एकदाच सूर मारायचा आणि परत फांदीवर यायचं, असा एक पक्षी आहे. नळीकडे पाहिलं की त्याची चोचच दिसते.

छोटा खंड्या. निळी पाठ, नारिंगी पोट. कामाचं नावही तेच ठेवते आहे.

७ जानेवारी

संदर्भचित्रांचा प्रश्न आधी मिटवला. फोटो नुसते बघायचे. कुणाचाही फोटो किंवा चित्र गिरवायचं नाही, त्याचा तुकडा टेक्स्चरमध्ये, म्हणजे बंदुकीवर चढवायच्या चित्रात, घ्यायचा नाही. पक्ष्याचा सांगाडा, पिसांचे थर, चोचीचं प्रमाण कागदावर स्वतः काढून मगच संगणकावर बसायचं.

ही नुसती भीड नाही. वर्कशॉपमध्ये काम टाकताना ते पूर्ण आपलं आहे असं आपण लिहून देतो. एम४ए४ बंदुकीच्या हाउल या स्किनचं काय झालं ते स्किन करणाऱ्या प्रत्येकाने वाचलेलं असतं. २०१४ मध्ये ती हंट्समन केसमधून (केस म्हणजे उघडल्यावर एखादी स्किन देणारी गेममधली पेटी) आली, मग मूळ चित्रकाराने आपलं चित्र उचलल्याची तक्रार केली. गेमची कंपनी व्हॉल्व्हने ती केसमधून काढली, तिच्यावरचं चित्र बदललं आणि तिला कॉन्ट्राबँड हा दर्जा दिला. आज हाउल दुर्मीळ म्हणून मिरवली जाते. मला मात्र तिच्याकडे पाहताना तो चित्रकार आठवतो, ज्याला आपलं काम दुसऱ्याच्या नावाने बाजारात दिसलं.

आज कागदावर अकरा खंड्ये काढले. दोन बरे आहेत.

११ जानेवारी

आज या प्रकल्पाचा गाभा सापडला, म्हणून सविस्तर लिहिते.

खंड्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतं. पिसाच्या आत केराटिनची अतिसूक्ष्म, स्पंजासारखी रचना असते. तिच्यावर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळा दिसतो. पोटाकडचा नारिंगी मात्र खऱ्या रंगद्रव्याचा. म्हणजे एकाच पक्ष्याच्या अंगावर एक रंग रचनेतून आलेला आणि एक पदार्थातून आलेला.

आता स्किनकडे या. प्रत्येक स्किनला एक फ्लोट असतो, ० ते १ मधला झिजेचा आकडा. ०.०७ पर्यंत फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न आणि तिथून १ पर्यंत बॅटल-स्कार्ड. हा आकडा वस्तू मिळते त्या क्षणी ठरतो आणि नंतर कधीच बदलत नाही. हजार सामने खेळा, एकही नवा ओरखडा पडणार नाही. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो चक्रावतो, कारण झीज म्हटली की वापर हेच आपल्या डोक्यात असतं. इथे झीज जन्मासोबत येते, वस्तूच्या रूपाचाच भाग असते.

तरी बहुतेक जण स्किन काढतात ती शून्य फ्लोटवर. सगळा जीव त्या कोऱ्या रूपात ओततात आणि झिजलेलं रूप गेमवर सोपवतात. मग बॅटल-स्कार्ड घेणाऱ्याच्या हातात पोपडे निघालेलं काहीतरी पडतं. पण ०.४५ ते १ म्हणजे अर्ध्याहून मोठी पट्टी! तिथे राहणाऱ्या माणसालाही चित्र मिळायला हवं.

म्हणून ठरवलं: निळा उडत जाईल, नारिंगी टिकेल. पक्ष्याच्या अंगावर जो रंग फक्त रचनेमुळे आहे तो झिजेबरोबर विरेल, जो पदार्थात आहे तो शेवटपर्यंत राहील. फ्लोट १ ला काळ्या-करड्या बंदुकीवर नुसतं नारिंगी पोट, चोच आणि डोळा उरेल. कामाला सुरुवात तिथूनच करायची. आधी १, मग ०.

१२ जानेवारी

व्हॉल्व्हने दिलेलं स्काउटचं मॉडेल आणि यूव्ही शीट, म्हणजे मॉडेलचा उलगडलेला सपाट आराखडा, उघडली. पक्षी बंदुकीभोवती गुंडाळायचा आहे, त्यामुळे सीम, म्हणजे जोडरेषा, कुठे येतात ते आधी पाहिलं. शीटवर चौकटीचं जाळं टाकून ते ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलवर लावलं. जिथे चौकटी ताणल्या गेल्या त्या जागा लाल खुणेने भरल्या. तिथे बारीक काम करायचं नाही.

१८ जानेवारी

भावाच्या खेळाचं दोन तासांचं रेकॉर्डिंग घेतलं आणि बंदूक कधी, किती दिसते हे थांबवत थांबवत पाहिलं. यातून जे हाती लागलं ते मॉडेल फिरवत बसून कधीच कळलं नसतं.

स्कोप (दुर्बीण) लावला की बंदूक पडद्यावरून जातेच. म्हणजे नेम धरण्याच्या क्षणी स्किन दिसतच नाही. ती दिसते पळताना, कोपऱ्यावर थांबताना आणि गोळी सुटल्यानंतर, जेव्हा स्कोप आपोआप निघतो आणि हात बोल्ट, म्हणजे पुढची गोळी भरणारा खटका, मागे ओढतो. प्रत्येक गोळीनंतर तेवढा वेळ डोळ्यांपुढे बंदूकच असते. गोळी लागली की चुकली हे मनात पक्कं होत असतं, तो हाच वेळ. स्काउटच्या मालकाला स्किन सगळ्यात जास्त लक्षात राहणार ती या हालचालीतून.

आणि दिसतं काय? बंदूक उजव्या हातात, म्हणून डावी बाजू, तीही मागून आणि थोडी वरून. दुर्बिणीचा मागचा घेर, बोल्टच्या आजूबाजूचा भाग, दस्त्याची वरची कड. नळीचं टोक दूर, लहान आणि पडद्याच्या मध्याच्या अगदी जवळ. खेळाडू या डाव्या बाजूला प्लेसाइड म्हणतात, दुसरीला बॅकसाइड. एप्रिल २०२४ पासून डाव्या हातात बंदूक घेण्याची सोय परत आली आहे, तेव्हा एका बाजूला सावत्र वागणूक द्यायची नाही असंही ठरवलं.

१९ जानेवारी

मांडणी बदलली. आधी पक्षी बंदुकीच्या मधोमध होता. आता डोकं मागे, दुर्बिणीखाली आणलं. डोळा बोल्टच्या अलीकडे. चोच तिथून निघून पूर्ण नळीभर जाते.

यात एक सोय आपोआप झाली. पडद्याच्या मध्याजवळ काही चमकलं की नजर तिकडे ओढली जाते, आणि चुरशीच्या सामन्यात तेवढंही महाग पडतं. खंड्याची चोच काळी असते. म्हणजे जिथे शांतता हवी तिथे पक्ष्यानेच ती दिली. नराची चोच पूर्ण काळी, मादीची खालची बाजू नारिंगी. मी मादी घेतली. नळीचं पोट नारिंगी, पाठ काळी. खेळताना ते नारिंगी जवळजवळ दिसत नाही, इन्स्पेक्ट करताना, म्हणजे गेममध्ये बंदूक निरखून पाहताना, ती उलटली की दिसतं.

२६ जानेवारी

फिनिशचा, म्हणजे रंग चढवण्याच्या पद्धतीचा, प्रकार ठरवण्यात आठवडा गेला. हायड्रोग्राफिक आणि स्प्रे-पेंट लगेच बाद, कारण त्यांत नक्षी बंदुकीवर पसरते आणि पॅटर्न सीडप्रमाणे, म्हणजे वस्तूसोबत येणाऱ्या एका आकड्याप्रमाणे, जागा बदलते. केस हार्डन्डसारख्या फिनिशची सगळी गंमत तिथेच आहे. एके-४७ वर ६६१ नंबरचा पॅटर्न निळाईसाठी शोधत माणसं वर्षानुवर्षं फिरतात. पण माझा डोळा एका ठरलेल्या जागीच हवा.

उरले कस्टम पेंट जॉब आणि गनस्मिथ. गनस्मिथमध्ये मास्क (कुठे काय लागू होईल ते सांगणारं चित्र) लावून काही भाग रंगाचा, काही भाग धातूचा करता येतो. रंग उडतो आणि धातू जुना होत काळवंडतो. मोह झाला. चोच धातूची केली असती तर झिजेबरोबर तिचं रूपही बदललं असतं. दोन दिवस तसं करून पाहिलं. धातूवर नारिंगी बसेना, गंजल्यासारखा दिसायला लागला. ओला, जिवंत पक्षी आणि गंज हे एकत्र नकोत. कस्टम पेंट जॉब नक्की.

२ फेब्रुवारी

फसलं. तीन आठवडे एकेक पीस काढत होते. आज गेममध्ये लावलं तर हातभर अंतरावर सुंदर, आणि थोडं लांब गेलं की निळसर चिखल. अंतर वाढलं की गेम टेक्स्चरच्या लहान लहान प्रती वापरतो. त्यांत बारीक रेषा एकमेकींत मिसळतात. हलताना तर ती जागा चमचमते, डोळ्याला टोचते.

पिसं पुसली. रडू आलं, पण पुसली.

८ फेब्रुवारी

पिसांऐवजी तीन थर केले. पहिला मोठ्या आकारांचा: पाठ, पंख, पोट, गाल. हे चित्र बोटाएवढं लहान केलं तरी वाचता आलं पाहिजे. दुसरा पिसांच्या ओळींचा, प्रत्येक पीस सुटं न काढता ओळीची कड तेवढी उजळ. तिसऱ्यात डोक्यावरचे फिकट निळे ठिपके आणि डोळ्याभोवतीची चारसहा खरी पिसं, फक्त बोल्टजवळ. बारकावा फक्त तिथे, जिथे मालकाची नजर खरोखर थांबते.

लांबून आता पक्षी वाटतो. जवळूनही वाटतो. पहिल्यापेक्षा कमी कष्टाचं दिसतं, आणि हेच बरोबर आहे.

९ फेब्रुवारी

बंदूक अचानक प्लास्टिकच्या खेळण्यासारखी चकाकायला लागली. दोन तास दिव्यांची मांडणी तपासली. शेवटी सापडलं: रफनेसचा, म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत ते सांगणारा, नकाशा रंगाच्या चित्रासारखा एसआरजीबी (डोळ्यांच्या सोयीने बदललेले रंग) म्हणून जात होता. रफनेस हा नुसता आकडा आहे, रंग नाही. तो लिनिअरच, म्हणजे न बदललेला, राहायला हवा. एक खूण बदलली आणि पृष्ठभाग शांत झाला.

रंगाच्या नकाशात निखळ काळा आणि निखळ पांढरा कुठेही ठेवलेला नाही. चोचसुद्धा गडद करडी आहे, थोडी तपकिरीकडे झुकणारी. अगदी काळ्या रंगावर उजेडाला काही करताच येत नाही आणि आकार सपाट पडतो.

पाठीच्या निळ्याला थोडं पर्लसेंट (मोत्यासारखी झाक) दिलं, म्हणजे बंदूक वळली की निळा किंचित हिरव्याकडे सरकतो. जास्त दिलं तर पक्ष्याचा भुंगा होतो. फारच थोडं ठेवलं.

१५ फेब्रुवारी

आज सगळ्यात महत्त्वाचं काम, झिजेचा मास्क.

रंग कुठून उडायचा हे गेम बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो. उठावाच्या कडा, कोपरे, हात लागतील अशा जागा आधी. खाचा आणि सांदी शेवटी. त्यावर आपण आपला मास्क देऊन सांगू शकतो, की इथला रंग चिवट आहे, इथला कच्चा. मी निळा कच्चा ठेवला, नारिंगी चिवट, डोळा आणि चोच सगळ्यात चिवट.

पहिल्या प्रयत्नात मास्क उलटा लागला. फ्लोटचा स्लायडर ०.५ वर नेला तर डोळा आणि चोच गायब, निळा जसाच्या तसा. तरी ती चूक पाहून एक गोष्ट कळली. चोच गेली की तो पक्षी राहत नाही, नुसता रंगीत डाग उरतो. म्हणजे चोच आणि डोळा जपायचा निर्णय बरोबर होता.

मास्क सुलटा केला. आता स्लायडर हळूहळू सरकवला. ०.१० ला पंखाच्या कडेवर बारीक टिचक्या. ०.२५ ला पाठीवरचा निळा तुकड्यातुकड्यांत, पाण्यावरच्या उजेडासारखा. ०.६० ला निळा फक्त खाचांत. १ ला काळी-करडी बंदूक, नारिंगी पोट, आणि एक डोळा तुमच्याकडे पाहणारा.

भावाला बोलावलं. तो स्लायडर मागेपुढे करत बसला आणि म्हणाला, "ताई, ही झिजलेलीच जास्त भारी दिसते."

१६ फेब्रुवारी

कालचा आनंद आज जरा उतरला. ०.३८ ते ०.४५ हा पट्टा वाईट दिसतो. निळा अर्धा गेलेला, नारिंगी अजून पुढे आलेला नाही, आणि दोन्ही मिळून कसर लागल्यासारखे दिसतात. वेल-वॉर्न हा बहुतेक स्किनचा दुबळा पट्टा असतो, पण तो तसाच स्वीकारायचा तर ११ जानेवारीच्या नोंदीला काही अर्थ राहत नाही.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर त्या एकाच पट्ट्यावर होते. दोष मास्कच्या एकसारखेपणात होता. निळ्याचा सगळा कच्चेपणा एकाच पातळीवर असल्यामुळे तो सगळीकडून एकदम उडत होता. आता त्याला दिशा दिली: पंखाच्या टोकाकडून सुरुवात, मग पाठ, मग मान, सगळ्यात शेवटी डोकं. म्हणजे ०.४० ला मागचा पंख पूर्ण गेलेला असतो आणि डोकं जवळजवळ कोरं. कुणी पाहिलं तर त्याला खराब झालेली स्किन दिसत नाही. पाण्यातून अर्धा वर आलेला पक्षी दिसतो.

झिजेला मर्यादा घालायचा पर्यायही मनात येऊन गेला. असं करतातच. एके-४७ रेडलाइन ०.१० ते ०.७० मध्येच मिळते, म्हणून तिचं फॅक्टरी न्यू अस्तित्वातच नाही. एडब्ल्यूपी असिमोव्ह ०.१८ ला सुरू होते. दोन्ही २०१४ च्या ऑपरेशन फिनिक्स केसमधल्या, आणि या मर्यादांमुळे त्यांचं काही बिघडलं नाही. उलट असिमोव्हचं टोक पाहा. ०.९५ च्या पुढे तिची दुर्बीण पूर्ण काळी होते, आणि त्या रूपाला लोकांनी ब्लॅकिमोव्ह असं प्रेमाचं नाव दिलं. सर्वांत झिजलेली वस्तू मुद्दाम शोधली जाते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मी ० ते १ पूर्ण पट्टी मोकळी ठेवली.

१ मार्च

गेमच्या वेगवेगळ्या नकाशांत, म्हणजे खेळायच्या जागांत, फिरवून पाहिली. मिराजच्या उन्हात नारिंगी फार पेटतो, भिंतींचा पिवळेपणा त्यात मिसळतो. त्याची तीव्रता थोडी उतरवली. न्यूकच्या आतल्या दिव्यांत निळा थंड आणि सरळ दिसतो. एन्शंटच्या हिरवट उजेडात मात्र दोन्ही रंग जागेवर बसतात. दगड, झाडी, ओल. तिथे पोचल्यावर मी खेळायचं सोडून नुसती भिंतीपाशी उभी राहिले आणि बंदूक वळवून पाहत बसले.

२ मार्च

स्टिकर, म्हणजे मालक बंदुकीवर वरून चिकटवतो ती चित्रं. फेब्रुवारी २०२४ पासून ते हवे तिथे सरकवता आणि फिरवता येतात, पाचपर्यंत लावता येतात. आधी जागा ठरलेल्या असायच्या आणि चित्र त्यांना चुकवून काढावं लागायचं. आता मालक ठरवेल. तरी दस्त्याच्या बाजूला मी एक शांत गडद जागा मोकळी सोडली आहे, तिथे काहीही लावलं तरी पक्ष्याला धक्का लागत नाही. डोळ्यावर कुणी लावू नये असं वाटतं, पण बंदूक त्याची आहे.

९ मार्च

इन्व्हेंटरीतल्या, म्हणजे खेळाडूच्या वस्तूंच्या यादीतल्या, लहान चित्रात पाहिली. नारिंगीची एक रेघ, वर निळा, पुढे काळी नळी. त्या आकारात डोळा हरवत होता, म्हणून गालावरचा पांढरा पट्टा थोडा रुंद केला. खऱ्या खंड्याला तो असतोच, मीच घाबरून बारीक ठेवला होता.

१५ मार्च

शेवटची तपासणी. सीमवर रंग जुळतो. दुर्बिणीच्या मागच्या घेरावर एक निळी टिकली राहिली होती, ती काढली; सतत नजरेसमोर असलेल्या जागी एवढंसंही खटकतं. भावाने दहा सामने लावून खेळून पाहिले आणि खेळताना तिच्याकडे लक्ष गेलं नाही असं सांगितलं. हे ऐकायला मी थांबले होते.

१६ मार्च

वर्कशॉपमध्ये टाकली. घ्यायची की नाही, कधी, कोणत्या केसमध्ये, निळ्या (साध्या) दर्जाची की लाल (दुर्मीळ), हे सगळं व्हॉल्व्ह ठरवणार. आपण त्यात काही करू शकत नाही. आपल्या हातात होतं ते झालं.

सोबतच्या चित्रांच्या क्रमावर मात्र बराच वेळ गेला. रिवाज असा की कोरं रूप सगळ्यात पुढे. ते लावून पाहिलं, निळा खरंच देखणा दिसत होता. मग काढलं. पहिलं चित्र फ्लोट १ चं लावलं. त्यानंतर ०.४०, मग ०.२५, आणि कोरा निळा पक्षी शेवटी.

स्काउटचं फोल्डर बंद केलं. कागदावरच्या अकरा खंड्यांपैकी ते दोन भिंतीवर लावले आहेत.